चिंचेची आणि राखेची काडतुसं

तीर्थरूप अंतूकाकांस साष्टांग नमस्कार.

तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, की खुशाली विचारण्यात अर्थ नाही. सरळ मुद्द्यावर येते. आपल्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेत यंदा तुमच्यावर अख्खं पान आलंय. 'निजामी अमदानीतले थोर शिकारी कै. अनंतराव गुंजोटीकर.' खाली फोटोत कुणाच्या तरी मेलेल्या वाघावर पाय ठेवून उभा असलेला कुणीतरी. ते तुम्ही नव्हे, एवढं मला चष्म्याशिवायही दिसतं. वाघ सोडाच, घरात उंदीर सापडला तर तुम्ही तो पिंजऱ्यासकट मुसी नदीपलीकडे नेऊन सोडायचात. संपादकांना फोन केला, तर म्हणाले, "बाई, मग तुम्हीच लिहून द्या खरं काय ते." देते लिहून. आता तुमचीच गोष्ट तुम्हाला काय सांगायची, म्हणून इथून पुढं तुम्ही 'ते'. काही चुकलं तर स्वप्नात येऊन भांडू नका. मला आधीच झोप कमी आहे.

अनंतराव हैदराबादेत गौलीगुड्यात राहायचे. घराणं नोकरीपेशातलं. वडील अदालतीत, थोरले भाऊ वकील, धाकटे जामबागेतल्या शाळेत मास्तर. मधल्या अनंतरावांनी मात्र इंटर झाल्यावर आबिड्सला पेस्तनशेठच्या बंदुकांच्या दुकानात नोकरी धरली आणि घरात सुतक पडल्यासारखं झालं. ब्राह्मणाच्या मुलानं काडतुसं विकायची! अनंतराव म्हणायचे, "मी विकत नाही, सांभाळतो." आणि ते खरंच होतं. गिऱ्हाइकाशी गोड बोलणं त्यांना कधी जमलं नाही. त्यांचं काम मालाचं. कुठला माल कधी आला, कुठं ठेवला, कुठला आधी जायला हवा, हे सगळं त्यांच्याकडे. काडतूस म्हणजे लोणचं नव्हे, मुरलं की चांगलं व्हायला, असं ते म्हणत. उन्हात तापलं की दारू बिघडते, ओल लागली की बुडाची टोपी मरते. ती टोपी म्हणजे पितळी काडतुसाच्या बुडाशी बसवलेली वाटाण्याएवढी डबी. घोडा तिच्यावर आपटला की ठिणगी पडायची, मग दारू, मग बार. टोपी मेली तर हातातली बंदूक आणि मुसळ यांत फरक नाही.

एक नाद मात्र होता. दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, शहराबाहेरच्या चांदमारीवर, म्हणजे नेमबाजीच्या मैदानावर, जाऊन बंदुकीनं मडकी फोडायची. जोडीला कादरअली. कादरअली जंगल खात्यात, अमराबादच्या रानात रेंजर. उंच, बडबड्या, दाढीला मेंदी लावणारा माणूस. त्याच्याकडे एका परत जाणाऱ्या इंग्रज साहेबाकडून घेतलेली अमेरिकन रायफल होती. तोंड मोठं, चारशेपाचच्या मापाचं. चापाखाली लोखंडी कडी, म्हणजे लिव्हर. ती खाली ओढून वर मारली की रिकामं टरफल उडून बाहेर आणि पुढचं काडतूस आत. सगळं एका हिसक्यात. बाकीचे शिकारी दुसरी गोळी भरेपर्यंत कादरअलीची तिसरी निघालेली असे. अनंतराव त्याच बंदुकीनं मडकी फोडत. नेम कादरअलीपेक्षा सरस, पण जिवंत वस्तूवर धरायचा नाही.

"अरे अनंतराव, इत्ता अच्छा निशाना मटकियों पे कायकू बर्बाद करते?"

"मटका फूटा तो उसकी जोरू रोती नै, कादरसाब."

हे १९४३ सालचं. लढाई चाललेली, विलायतेहून माल यायचा बंद झालेला. चारशेपाचची काडतुसं तर हैदराबादेत कुणाकडेच नव्हती. एक डबा उरला होता, तोही कादरअलीच्या नावानं राखलेला. दुकानाच्या माडीवर पत्रा, खाली गोदामात गटाराची ओल. म्हणून पेस्तनशेठनी कोतवालीत कळवून तो डबा अनंतरावांच्या घरी ठेवायला दिला. अनंतरावांनी घरभर फिरून जागा शोधली. सगळ्यांत थंड आणि कोरडी निघाली देवघराची दगडी भिंत. देव्हाऱ्याखालच्या कपाटात डबा गेला. द्वारकाकाकू म्हणाल्या, "वर निरांजन आणि खाली दारू. बरंय, एकदमच मोक्ष मिळेल सगळ्यांना."

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी अनंतराव घाईत होते. पायात चपला सरकवताना ओरडून गेले, "माझी हत्यारं पूजेला काढून ठेव गं!" दरवर्षीच सांगत. म्हणजे त्यांचे पेचकस, पक्कड, नळी साफ करायची सळई. पण ती हत्यारं त्या वर्षी दुकानातच राहिली होती. काकूंनी शोधलं, आणि त्यांना काय सापडलं असेल, ते वाचणाऱ्याच्या ध्यानात आलंच असेल.

नवमीला सकाळी आंघोळ करून अनंतराव देवघरात आले, तर पाटावर काडतुसांची रांग. लखलखीत. प्रत्येकाला हळदकुंकू, डोक्यावर झेंडूची पाकळी. ताम्हन, पळी, समई आणि चारशेपाच, सगळं पितळ एकसारखं झळकत होतं.

"हे... हे काय केलंस?"

"काय केलं म्हणजे? हिरवी पडली होती. देवापुढे तशीच ठेवायची का?"

"कशानं घासलीस?"

"पितळ कशानं घासतात? चिंचेनं. रात्री घंगाळात भिजत घातली होती."

"भिजत!" अनंतराव तिथंच पाटाशेजारी बसले.

"अहो, झालं काय? तुम्हीच म्हणालात, हत्यारं काढ."

ते एकेक काडतूस उचलून बुडाकडून बघायचे, कानाशी हलवायचे, खाली ठेवायचे. बाहेरून काही कळत नाही. ओल टोपीच्या कडेनं आत शिरली असेल, नसेल. काडतूस चांगलं आहे की मेलं, हे बघायचा एकच मार्ग, ते उडवणं. आणि उडवलं की संपलं.

दाराबाहेर बतुकम्माच्या, तेलुगू बायकांच्या सणाच्या, फुलांचे ढीग पडलेले, गल्लीत बायकांची गर्दी. तेवढ्यात त्यातून वाट काढत कादरअली आला. दाराशीच उभा राहून म्हणाला, "डब्बा देव. कल दोपहर की बस से जारूं. मन्ननूर के पास शेर एक औरत को ले गया. लकड्यां चुनने गई थी."

सरकारी बंदुका लढाईसाठी गोळा झालेल्या. रानात त्या वाघापुढे उभी राहील अशी एकच बंदूक होती, कादरअलीची. आणि तिच्या पोटात घालायला होतं ते हे, चिंचेत रात्रभर भिजलेलं.

अनंतरावांनी सांगून टाकलं. कादरअली आधी हसला. पाटावरची काडतुसं बघून म्हणाला, "माशाल्ला, दुल्हनां लगरे." मग अनंतरावांच्या तोंडाकडे बघितलं आणि एक काडतूस उचलून बुडाकडून न्याहाळायला लागला.

दसऱ्याच्या सकाळी दोघं चांदमारीवर गेले. पहिलं काडतूस उडालं. दुसरंही. कादरअली म्हणाला, "देखो, भाभी के हात में बरकत है." तिसऱ्याला नुसता 'खट' आवाज. सवयीनं कादरअलीचा हात लिव्हरवर गेला. अनंतरावांनी त्याचं मनगट धरलं.

"नक्को! हात नक्को लगाव!"

"अरे, फुस्सी है..."

आणि बार झाला. बंदूक अजून मातीच्या बांधाकडे होती म्हणून बरं. धूर विरेपर्यंत दोघांपैकी कुणी हललं नाही. ओली टोपी मरत नव्हती, उशिरा पेटत होती. कादरअलीनं लिव्हर ओढली असती, तर काडतूस त्याच्या डोळ्यापुढे उघड्यावर फुटलं असतं. ज्या झटपट हातासाठी ही बंदूक नावाजलेली, तोच हात आता घात करणार होता.

अनंतराव जवळजवळ पळतच घरी आले. डोक्यावर टोपी नाही, धोतराचा सोगा हातात.

"कुठली आधी घासलीस? कुठली नंतर?"

"मी काय त्यांची नावं विचारली होती?" काकू कडाकणीचं पीठ मळत होत्या. "आणि माझ्यावर ओरडू नका. सणाचा दिवस आहे."

"अगं, माणूस मरेल!"

त्या आवाजानं काकूंचे हात थांबले. मग म्हणाल्या, "सगळी भिजवली नव्हती. बाजारात चिंच मिळेना, होती तेवढी संपली. उरलेली राखेनं घासली. कोरड्या."

अनंतरावांनी पाट उचलून अंगणात उन्हात आणला. पितळ चिंचेनं उजळलं की त्यावर तांबूस छटा येते. राखेनं घासलेलं पिवळंधमक राहतं आणि त्यावर बारीक ओरखडे उठतात. ते दुकानात रोज पितळच बघायचे. पण घासून-पुसून, वर हळद लागून, सगळं सारखंच दिसत होतं. ह्या ढिगातलं त्या ढिगात, त्यातलं परत ह्यात. काकू शेजारी येऊन बसल्या आणि ओल्या फडक्यानं हळद पुसायला लागल्या.

"ओलं नको!" ते किंचाळले. काकूंनी फडकं टाकून पदर घेतला.

शेवटी सहा काडतुसं बाजूला निघाली, ज्यांच्याबद्दल त्यांचं मन म्हणालं, ही राखेची. बाकी सगळी त्यांनी कपाटात टाकून कुलूप घातलं. परत चांदमारी. सहांतलं एक उडवलं. झकास, वेळच्या वेळी.

"बस," कादरअली म्हणाला. "पाच बहोत हुए."

"एक अच्छा निकला इसका मतलब पाँचों अच्छे, ऐसा नै होता कादरसाब. और एक उडाके देखते."

"फिर चार रहिंगे. फिर बोलोगे और एक. शेर के सामने मैं क्या, भाभी की चिंच फेकूं?"

अनंतराव हसले नाहीत. द्यावं तर हा असा, नाही म्हणावं तर रानात लाकूडफाट्याला जाणाऱ्या बायका तशाच. पाच काडतुसं तळहातावर घेऊन ते कितीतरी वेळ उभे राहिले. मग एकेक करून कादरअलीच्या पट्ट्यात खोचली, आणि शेवटचं खोचताना म्हणाले, "खट हुआ तो लिव्हर को हात नक्को. गिनती करना. शेर आँगपे आया तो भी."

"शेर से बोलूं, ठैर भई, अनंतराव गिनती करने बोले?"

दुपारी बस सुटली.

त्यानंतर अनंतरावांना कुठं चैन नाही. दुकानात डबे ह्या फळीवरून त्या फळीवर. पेस्तनशेठ म्हणाले, "अरे, बेस नी, बस एका जागी! उंदर शिरला का तुझ्यात?" संध्याकाळी बस अड्ड्यावर. अमराबादेकडची गाडी आली की ड्रायव्हरला विचारायचं, कंडक्टरला विचारायचं, उतरणाऱ्या बायामाणसांना विचारायचं. जेवताना उठायचे. काकू म्हणायच्या, "आधी तो घास गिळा." मनात एकच: खट. आणि त्यानंतर काय?

आठवडा उलटल्यावर कादरअली उतरला. धड, हातीपायी शाबूत. अनंतराव धावत गेले. कादरअलीनं सलाम केला, पण नेहमीसारखी पाठीवर थाप मारली नाही. पट्ट्यातून पाचही काडतुसं काढली आणि त्यांच्या हातावर ठेवली.

"मिला नै शेर?"

"मिला. मचान के नीचे आया. चाँदनी थी, साफ दिखा. पूरा बाजू दिया मेरे को."

"फिर?"

"फिर क्या. उंगली चाप पे रखा, और तुमारा मुँह याद आया." कादरअली अड्ड्याच्या पत्र्याकडे बघत बोलत होता. "गोली पे भरोसा नै था, ऐसा नै. तुमारे मुँह पे नै था. आखरी गोली खोंसते वखत कैसा मुँह था तुमारा, मालूम? मैं सोचता बैठा, खट हुआ तो. उत्ते में चला गया."

"अच्छा किये."

"क्या अच्छा किये! दूसरे रोज एक गुराखी को ले गया. लडका नै, बुड्ढा था. पर था तो."

पुढं तो वाघ कुण्या जहागीरदाराच्या बंदुकीला लागला. कादरअली आणि अनंतराव चांदमारीवर जायचे, पण मडकी फोडण्यात मजा राहिली नाही. बदलीवर बदली होत एके दिवशी कादरअली शहरच सोडून गेला, बंदूकही त्याच्याबरोबर गेली. अनंतरावांनी पुन्हा कधी घरी डबा आणला नाही. ती पाच काडतुसं मात्र राहिली, पिवळी, ओरखड्यांची. चांगली असतील, तर म्हातारा उगीच गेला, कारण कादरअलीनं चाप ओढायला हवा होता. मेलेली असतील, तर कादरअली वाचला. उडवून बघितलं की कळणार. आणि अनंतरावांनी उभ्या जन्मात ती उडवली नाहीत. चारशेपाचची बंदूक दुकानात दुरुस्तीला आली, तरी नाही.

तर काका, हे असं. स्मरणिकेत छापतील की नाही, मला शंका आहे. त्यांना वाघावर पाय हवा.

शेवटच्या दुखण्यात तुम्ही मला बोलावून त्या पाच काडतुसांचा डबा दिलात. म्हणालात, "मी असेपर्यंत नको. मी गेल्यावर कुणाकडून तरी चालवून घे, आणि काय झालं ते मला सांग." मी म्हणाले, सांगेन. सिकंदराबादेत एका रिटायर्ड मेजरना विचारलं. ते म्हणाले, या तोंडाची बंदूकच बघितलेली नाही. चांदमारीवर आता घरं आहेत. ठाण्यात डबा जमा करायला गेले, तेव्हाही ठाणेदाराला म्हटलं, "एक उडवून बघता का?" त्यानं माझ्याकडे बघितलं आणि शिपायाला खुर्ची आणायला सांगितली. पाचही गेली मालखान्यात.

तेव्हा काका, काय झालं ते सांगायचं राहिलंच आहे.