स्पायनल वॉर्डातले पेढे

दोन हजार चारच्या हिवाळ्यात आमचं युनिट काश्मीरमध्ये होतं. मी नाईक, रेडिओ ऑपरेटर. गाव जनवाडा, तालुका बीदर. माझ्याबरोबर गाडीवर ड्रायव्हर लान्स नाईक शरणप्पा असायचा. तो गुलबर्गा जिल्ह्यातला, चिंचोळीकडचा. आम्ही आपसात कानडी बोलायचो. भांडण झालं की मी मराठीवर यायचो आणि तो दखनी हिंदीवर. युनिटमध्ये आमचं भांडण ऐकायला लोक जमायचे.

काम ठरलेलं होतं. सकाळी वरच्या चौकीला रेशन आणि बॅटऱ्या पोचवायच्या, दुपारच्या आत खाली यायचं. त्या दिवशी उतरताना एका वळणावर बर्फाखालचं पाणी गोठलेलं होतं. गाडी हळूहळू दरीकडे सरकायला लागली. दरी शरणप्पाच्या बाजूला होती. माझ्याकडे न बघताच तो ओरडला, "जिगी!" म्हणजे उडी मार.

मी दार ढकलून उडी मारली. डोंगराच्या बाजूच्या नालीत, दगडांवर बसकण मारल्यासारखा आपटलो. मान वळवून पाहिलं तर रस्त्यावर गाडी नव्हती. हातातला वॉकीटॉकी मात्र सुटला नव्हता.

"टायगर, टायगर टू बोलतोय. ॲक्सिडेंट. गाडी दरीत. ओव्हर."

"टायगर टू, कॅजुअल्टी? ओव्हर."

"ड्रायव्हर गाडीबरोबर खाली. मी रोडवर. ओव्हर."

"उभा राहू शकतोस? ओव्हर."

मी पायांना हुकूम दिला. पायांनी ऐकला नाही.

"निगेटिव्ह. ओव्हर."

शरणप्पा गेल्याचं मला ऑपरेशननंतर सांगितलं.

माझा कमरेचा मणका फुटला होता. मज्जारज्जू दबला होता, पण पूर्ण तुटला नव्हता. किती परत येईल, हे कोणी सांगत नव्हतं. पुढे मला सैन्याच्या मोठ्या हॉस्पिटलात, स्पायनल वॉर्डात हलवलं. गावाहून माझे वडील, अप्पा, आले. त्यांनी तरुणपणी मेंढरं राखली होती, पुढे थोडी शेती केली. बीदरच्या पलीकडे ते फारसे कधी गेले नव्हते. हॉस्पिटलने त्यांना माझ्याजवळ राहू दिलं.

वॉर्डाच्या डॉक्टर एक मेजर मॅडम होत्या. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, "तुझी लाईन तुटलेली नाही, खराब झाली आहे. आपण रोज कॉल लावत राहायचं. कधीतरी पलीकडून उत्तर येईल." सिग्नलवाल्याला समजावायची ही पद्धत मला आवडली.

मग रूटीन सुरू झालं. मांडीला आणि पोटरीला तारा लावून मशीनने करंट द्यायचे. माझा पाय माझ्या परवानगीशिवाय उडायचा. मी मनात त्याच वेळी हुकूम द्यायचो, 'उचल.' करंट बंद झाला की पाय पुन्हा परका. महिने गेले. शेजारच्या खाटांवरचे जवान एकमेकांच्या पायांवर पैजा लावायचे.

लोक मला नेहमी विचारतात, पहिलं पाऊल कधी टाकलंत? मी खरं सांगतो. सगळ्यात मोठा आनंद पावलाचा नव्हता. कमरेखालची जाणीव गेली की लघवीचीही जाते. ठरलेल्या वेळी नळी घालून काढावी लागते. तरण्याताठ्या माणसाला ते पाय जाण्यापेक्षा जड वाटतं. त्याबद्दल वॉर्डात कोणी चेष्टा करत नसे.

एका सकाळी चहा पिऊन झाल्यावर ओटीपोटात काहीतरी दाटल्यासारखं वाटलं. हे ओळखीचं होतं, पण कशाचं ते आठवेना. मग आठवलं.

"अप्पा, भांडं द्या. लवकर!"

"कामून? उलटी व्हायलीय का?"

"न्हाई हो. लागलीय!"

अप्पांनी भांडं दिलं आणि पडदा ओढला. थोडा वेळ काहीच झालं नाही. सगळ्या वॉर्डानं कान टवकारले. आणि मग आवाज आला. नळीशिवाय, आपोआप.

पडद्यापलीकडून शेजारच्या खाटेवरच्या पंजाबी सुभेदारसाहेबांनी विचारलं, "टायगर टू, रिपोर्ट?"

"वॉटर सप्लाय चालू, सर. ओव्हर!"

वॉर्डात अशा टाळ्या वाजल्या की नर्सिंग ऑफिसर धावत आल्या. मेजर मॅडम राउंडला येईपर्यंत अप्पा कॅन्टीनमधून पेढ्यांचा पुडा घेऊन आले होते. त्यांनी पहिला पेढा मॅडमच्या हातावर ठेवला.

"बाबा, नातू झाला का?"

"न्हाई मॅडम," अप्पा गंभीरपणे म्हणाले. "पोराला लघवी झाली."

मॅडम हसल्या, मग तोंड फिरवून त्यांनी डोळे पुसले, आणि आणखी एक पेढा घेतला.

मायला कळवायचं होतं. जनवाड्याच्या एसटीडी बूथवर फोन लावून तिला बोलावून घेतलं. अप्पांना वाटायचं, लांबचा फोन असला की जोरात बोलावं लागतं. त्यामुळे बातमी आधी हॉस्पिटलच्या कॉरिडॉरला कळली. तिकडे मायनं ती बूथवर जमलेल्या बायांना सांगितली आणि बिरोबाला नारळ फोडला. पुढे मी सुट्टीवर गेलो तेव्हा पारावरच्या म्हाताऱ्यांनी पायांची चौकशी केलीच नाही. पहिला प्रश्न आला, "काय रं बिरू, साफ होतीय ना?"

"व्हय, काका. एकदम साफ."

त्यानंतर पायही बोलायला लागले. आधी उजवी मांडी, मग गुडघा. नंतर मॅडमनी मला ट्रेडमिलवर घेतलं. छातीला आणि कमरेला पट्टे बांधून वरून लटकवायचे, म्हणजे अंगाचा भार अर्धाच पायांवर येतो. खाली पट्टा सरकतो, दोन माणसं पाय धरून पुढे टाकतात. मग एक माणूस. मग कोणीच नाही. पट्टे सोडून दोन आडव्या दांड्यांमध्ये चाललो त्या दिवशी मी पडलो. मॅडम उचलायला वाकल्या. अप्पा लांबूनच म्हणाले, "पडू द्या त्याला, मॅडम. मेंढीचं पिल्लू पडत पडतच उभं ऱ्हातंय."

"बरोबर आहे," मॅडम म्हणाल्या. "ऊठ, पिल्ला." पुढे वॉर्डात माझं तेच नाव पडलं.

डावं पाऊल अजून पूर्ण उचलत नाही. बुटात प्लास्टिकची पट्टी घालतो, हातात दोन काठ्या असतात. फौजेनं मेडिकली अनफिट ठरवून घरी पाठवलं. लग्न झालं. वरातीत नाचलो. काठ्या आभाळात आणि आधाराला मेव्हणे.

लग्नानंतर बायकोला घेऊन शरणप्पाच्या गावी गेलो. आधी जायचं धाडस झालं नव्हतं. त्याची अव्वा, म्हणजे आई, दारातच उभी होती. माझ्या पायांकडे बघत राहिली. मग कानडीत म्हणाली, "चालून दाखव, लेकरा."

मी अंगणात या टोकापासून त्या टोकापर्यंत चाललो. तिनं शेजारणींना हाका मारल्या. "या गं, बघा! माझ्या शरणाचा जोडीदार आला. चालत आला!" मला पुन्हा चालायला लावलं. बायका हसत होत्या, अव्वाही हसत होती. मग ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी आणि ताक पुढे आलं. जेवताना ती म्हणाली, "त्याचं कसं झालं ते सांग. फौजेचा कागद आला, पण तू होतास ना तिथे."

मी सांगितलं. आमच्या युनिटच्या, गाडी काढायला गेलेल्या पार्टीच्या सुभेदारांनी मला नंतर सांगितलं होतं, तेच. शरणप्पा सीटवरच सापडला. ब्रेक सोडून त्यानंही उडी मारायचा प्रयत्न केला असता, तर गाडी मी आत असतानाच गेली असती.

अव्वानं विचारलं, "मग?"

"त्याचा पाय तेव्हाही ब्रेकवरच होता, अव्वा."