उशाची जागा आणि सुशीलाअक्का

सुशीलाअक्कांची आणि माझी पहिली भेट एका चुकीच्या नमस्काराने झाली. विद्यानगरातल्या प्राण्यांच्या दवाखान्यात मी आमच्या बोक्याला घेऊन गेलो होतो. नंबर डावलला गेला म्हणून जरा वरच्या पट्टीत बोललो. पांढरा कोट घातलेल्या एक बाई बाहेर आल्या, माझे सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "झालं बोलून? आता आधी पाय धरा." क्षमेची हीच अट असावी असे समजून मी वाकलो. बाई झटकन मागे सरल्या. "माझे नव्हेत हो, बोक्याचे! ओरबाडतोय तो."

संस्कृत शिकलेल्या माणसाला संदर्भ सोडून अर्थ लावायची खोड असते, हे अक्कांनी तेव्हाच ओळखले. अक्कांच्या साठीनिमित्तच्या या गौरवग्रंथासाठी त्यांच्या पदाला मी 'पशुपरिचारिका' हा शब्द सुचवला, तेव्हा त्यांनी विचारले, "म्हणजे मी पशू का?" मी म्हटले, "कर्मधारय केलात तर हो. षष्ठी तत्पुरुष केलात तर नाही." "मग नर्सच म्हणा. समास सोडवत बसायला वेळ कुणाला आहे?"

अक्कांनी सुरुवात पिंजरे धुण्यापासून केली. पुढे जखमा बांधणे, सलाइन लावणे असे करत त्या ऑपरेशनच्या टेबलापर्यंत पोहोचल्या. भूल दिलेल्या जनावराच्या डोक्याशी उभे राहून त्याच्या श्वासावर लक्ष ठेवायचे, या कामाला दवाखान्यात 'उशाची जागा' म्हणतात. सुरी डॉक्टरांच्या हातात असते, पण उशाशी उभ्या माणसाने "थांबा" म्हटले की ती थांबते. त्या जागेसाठी अक्कांनी पन्नाशीनंतर इंग्रजीतून अभ्यास करून परीक्षा दिली. त्या काळात आमटीत मीठ दोनदा पडे, असे त्यांचे यजमान अजूनही सांगतात. नुकसान आमटीचे झाले, जनावरांचे नाही.

पुढे दवाखान्यात काम शिकायला येणाऱ्या मुलींना त्या शिकवू लागल्या. इंजेक्शनचा पहिला सराव संत्र्यावर, नुसत्या पाण्याने. संत्री सुभाष रोडवरून येतात आणि टोचून झाल्यावर मला खाऊ म्हणून मिळतात. "रसाळ आहेत," असे अक्का वर सांगतात.

त्या मुलींतली रेणुका सर्वांत तयार. एके सकाळी तिचे वडील बसप्पा तिला कायमची घेऊन जायलाच आले. बेलूरच्या एका कारखान्यात पॅकिंगचे काम त्यांनी ठरवून ठेवले होते. बोक्यासह मी तिथेच बसलो होतो.

"साकु," ते कानडी मिसळून म्हणाले, "पुरे झालं आता, अक्का. हितं पोरगी वाढणार कुठं?"

"शिकतेय की, अण्णा. उद्या उशाशी उभी राहील."

"उद्या म्हणजे कधी? ती जागा तर तुम्हीच धरून बसलाय. तुमच्या वर डॉक्टर, तुमच्या खाली फरशी. मधे जागा कुठाय?"

"अप्पा, काय बोलताय!" रेणुका कळवळली.

अक्कांनी तिला थांबवले. "बोलू दे. खरं बोलतायत ते."

अक्का कुणाला उत्तराविना परत पाठवत नाहीत, याचा दाखला मी स्वतः आहे. त्या दिवशी उत्तर द्यायला त्या तडक डॉक्टरांच्या खोलीत गेल्या. दार उघडेच होते.

"डॉक्टर, आजच्या ऑपरेशनला रेणुका उशाशी. तयार आहे ती. मीच वाट अडवून उभी आहे."

"आणि तुम्ही?"

"आज शेजारी उभी राहीन. बोलणार नाही."

"बोलणार नाही? तुम्ही?"

टेबलावर एक कुत्री होती. काचेच्या दारापलीकडे बसप्पा आणि मी. ऑपरेशन निम्मे झाले असेल, रेणुकाचा आवाज आला, "सर, थांबा. श्वास मंदावलाय." डॉक्टरांचे हात जागीच थांबले. अक्कांचे ओठ घट्ट मिटलेले. एवढा वेळ मौन पाळताना त्यांना मी पूर्वी कधी पाहिले नव्हते. रेणुकाने भूल कमी केली, कुत्रीच्या छातीवर नजर खिळवून उभी राहिली आणि काही वेळाने म्हणाली, "आता चालू द्या."

"डॉक्टर तिचं ऐकले?" बसप्पांनी मला हळूच विचारले.

"ऐकावंच लागतं, अण्णा."

मग बसप्पांनी फोन काढून बेलूरला लावला. "ब्याड रे तम्मा, नको ते काम. पोरीला हितंच जागा मिळाली."

कष्टाने मिळवलेली जागा धडधाकट असताना सोडणे ही विद्या कुठल्याच परीक्षेत विचारत नाहीत. आमच्या वृत्तपत्राच्या कचेरीत तर ती ऐकिवातही नाही. रेणुका आता दोन नव्या मुलींना शिकवते. अक्का एक्स-रे यंत्र शिकत आहेत. शिकवणारा तंत्रज्ञ त्यांच्या निम्म्या वयाचा आहे आणि "अक्का, तुम्ही हलू नका, कुत्र्याला हलू देऊ नका," असे ओरडतो. अक्का ऐकून घेतात. त्यानंतर लंगड्या जनावरांना चालवण्याचे व्यायाम शिकायचे आहेत म्हणे.

साठी पूर्ण करणाऱ्याला शंभर शरद लाभोत म्हणण्याची आपली रीत आहे. पण तो ऋषींचा अंदाज झाला, त्यांना एक्स-रे शिकायचा नव्हता. अक्कांचे डोळे आणि गुडघे शाबूत राहोत, प्रकृती उत्तम राहो आणि अशा आणखी पुष्कळ जागा मिळवून दुसऱ्यांना देऊन टाकण्याइतके दीर्घ आयुष्य त्यांना लाभो.