बाईंनी न बदललेला शब्द

“आधी वेळ सांगा,” असं म्हणत बाई चष्मा कपाळावर चढवायच्या आणि मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवायच्या. समोरचा रडत असो, भांडत असो, नाहीतर पोलिसाच्या गणवेशात असो. आधी वेळ, मग बाकीचं.

पनवेलच्या मासळी बाजारात तुम्हीही त्यांना पाहिलं असेल. खांद्याला कापडी पिशवी, आणि कोळणीने सांगितला तो भाव मुकाट देणार. मी खडी-रेतीवाला. ओवे गावातून सायकलवर निघालो तो सात डंपरपर्यंत पोचलो. भाव न पाडता घेतलेली वस्तू मला पचत नाही. मला त्या भोळ्या वाटल्या. साफ चुकलो. कोकणातल्या ज्यू घरातल्या या बाई. नातलग इस्रायलला गेले, त्या इथेच राहिल्या आणि सरकारी दवाखान्यात शवविच्छेदन करत राहिल्या.

आमची गाठ पडली ती माझा थोरला भाऊ गेला त्या दिवशी. करंजाड्याजवळची शेवटची जमीन विकायची की ठेवायची, यावरून मी आणि दादा भर दुपारी बांधावर भांडत होतो. मी त्याला छातीला हात लावून ढकललं. तो दोन पावलं मागे गेला, खाली बसला, आडवा झाला. पाच मिनिटांत खेळ संपला. वहिनीचा भाऊ तिथेच सगळ्यांसमोर म्हणाला, “यानीच मारला त्याला. मी बघितलाय.”

पोलीस मला घेऊनच दवाखान्यात आले. मी बाईंना गाठलं. “डॉक्टर, अ‍ॅटॅक लिहा आणि विषय मिटवा.”

“आधी वेळ सांगा.”

“कसली वेळ? माझा भाऊ गेलाय.”

“म्हणूनच विचारते. ढकललंत कधी? पडले कधी? कोणी छाती दाबून बघितली का? शीतपेटीत कधी ठेवलं?”

मी चिडून एकेक सांगितलं. त्यांनी एकेक लिहून घेतलं.

शवविच्छेदनात दादाच्या हृदयाची शीर अरुंद निघाली. छातीवर माराची खूण नव्हती. दुसरा कोणी तिथेच थांबला असता. बाई म्हणाल्या, “अशी शीर घेऊन माणसं वर्षानुवर्षं जगतात, शेठ. हे आजच का गेले?” मग त्यांनी दादाचं रक्त काढलं, तेही मांडीच्या शिरेतून. मरणानंतर हृदयाजवळचं रक्त भरवशाचं राहत नाही, आकडा उगाच चढतो, म्हणून. प्रयोगशाळेतला माणूस कुरकुरला, “मॅडम, हे मशीन जिवंत पेशंटांचं हाय.”

“मग मशीनला सांगू नका,” बाई म्हणाल्या.

आता नीट ऐका, कारण माझा जीव यातच अडकला होता. हृदयाचा स्नायू मरायला लागला की त्यातलं ट्रोपोनिन नावाचं द्रव्य रक्तात उतरतं. पण लगेच नाही, त्याला काही तास लागतात. ढकलल्यावर पाच मिनिटांत गेलेल्या माणसाच्या मांडीपर्यंत ते एवढं पोचायला नको.

बाई चिठ्ठी घेऊन जवळजवळ धावतच बाहेर आल्या. आकडा भलताच चढलेला होता. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, थेट बाकावर बसलेल्या वहिनीपुढे उकिडव्या बसल्या. “सकाळी यांना काय होत होतं?”

“छातीत जळजळ व्हती. जबडा पण दुखत व्हता. पित्त म्हणून आगळ दिला पाण्यातून.”

“वेळ?”

“सात वाजले असतील.”

भांडण बाराचं. म्हणजे पाच तास दादाचं हृदय मरत होतं आणि घरात त्यावर कोकमाचा उपाय चालला होता.

अहवालात बाईंनी लिहिलं, ‘विकार भांडणाच्या आधी सुरू झाला असण्याची शक्यता अधिक.’ पोलिसांना तेवढं पुरलं. मला कसं पुरावं? मी घासाघीस सुरू केली. “शक्यता काढा, निश्चित घाला.”

“रक्त शक्यता म्हणतंय.”

“निदान ‘बहुतेक निश्चित’?”

“शेठ, हा खडीचा ब्रास नाही, भाव करायला. आणि भांडणानं किती भर घातली, ते माझ्या नळीत दिसत नाही.”

मी कोळंबीची टोपली पाठवली. परत आली, त्यांच्यात कोळंबी चालत नाही. मग चांगला पाच किलोचा जिताडा मासा पाठवला. तोही परत. सोबत निरोप, ‘हा चालतो, पण तुमच्याकडून नाही.’

त्या एका शब्दावर वहिनीचा भाऊ आजही उड्या मारतो. गावच्या प्रत्येक लग्नात कोणीतरी कुजबुजतंच. एवढ्या हुशार बाईला एक शब्द बदलता आला नाही, हा राग मी जपून ठेवला होता.

मागच्या महिन्यात कळलं, बाई निवृत्त होऊन बहिणीकडे इस्रायलला निघाल्या. एकदा शेवटचं भांडून घ्यावं म्हणून गेलो, तर दाराला कुलूप. पायरीवर वहिनी बसलेली, मांडीवर वालाच्या शेंगांची पिशवी. तिलाही उशीर झाला होता. इतक्या वर्षांत ती माझ्याशी बोललेली नव्हती.

“भावजी,” ती म्हणाली, “त्या दिवशी सकाळी तुमाला फोन लावत व्हते. गाडी घेऊन या म्हणायला. यांनी हात धरला. म्हणाले, नको, तो आल्या आल्या आरडाओरडा करील.”

मी तिच्या खालच्या पायरीवर बसलो.

“बाईंना तवाच सांगितला व्हता मी. त्या म्हणाल्या, हे मी लिहिणार नाय.”

मी उठून दार वाजवलं. कुलूप दिसत होतं, तरी वाजवलं. चौकटीवर ज्यू घरांना लावतात ती प्रार्थनेची छोटी पट्टी असायची, तीही काढून नेलेली. तिथे रंग न लागलेल्या लाकडाची बोटभर लांब जागा होती.