गळ्यात काही नको

सूक्ष्मजीवशास्त्रात एमएस्सी होऊन दीड वर्ष झालं, तेव्हा कुठे सुकन्याला नांदेडच्या एमआयडीसीतल्या इंजेक्शनच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली. त्याआधी लातुरात दोन वर्षं मेडिकलचे क्लास झाले होते, दोन्ही वर्षी नंबर हुकला होता. एमएस्सीनंतर मुरुडला शिकवण्या घेतल्या, शाळांचे उंबरे झिजवले. घरात ती आणि अप्पा, एवढीच माणसं. बाकीची भूकंपात किल्लारीच्या बाजूच्या गावात ढिगाऱ्याखालीच राहिली. अप्पांच्या, म्हणजे गुरुबसप्पांच्या, कमरेवर तेव्हा तुळई पडली होती. चौदा वर्षांनंतर आता आपल्या छोट्या दुकानात उभं राहणंही त्यांना होईना. ह्या प्रयोगशाळेचा पगार कॉलेजातल्या सरांहून जास्त होता.

पहिल्या दिवशी कपडे बदलायच्या खोलीत झगे देणाऱ्या साखराबाईनं तिला अडवलं.

“बांगडी, अंगठी, गळ्यातलं, समदं काढ.”

“मावशी, हे इष्टलिंग आहे. निघत नाही.”

“इथं मंगळसूत्रं निघतेत बाई. तुझं काय घेऊन बसलीस?”

प्रयोगशाळेचे साहेब मात्र शांतपणे बोलले. आतली खोली निर्जंतुक. साधा दोरासुद्धा चालणार नाही. जमत नसेल तर दुपारी दुसऱ्या मुलीला बोलावतो.

लिंगायतांच्या रीतीनं पाळण्यात असताना गळ्यात आलेलं ते लिंग जीव असेतो अंगावरून उतरवायचं नसतं. सुकन्या फाटकाकडे आली. तिला सोडायला आलेले अप्पा वॉचमनच्या शेडखाली बसले होते. साहेबांचं बोलणं तिनं त्यांना सांगितलं. ते ‘चल घरी’ म्हणतील, मग आपण पोटभर रडू, एवढीच आस तिला होती.

“काढ,” अप्पा म्हणाले.

“अप्पा?”

त्यांनी आपल्या गळ्यातली चांदीची डबी उघडली. आत लिंगाच्या जागी मातीचं ढेकूळ होतं.

“तुझ्या आईला वर काढताना माझा दोरा तुटला. लई उकरलं, घावलं न्हाई. मठातले स्वामी म्हणले, नवं घ्या. माझं मन धजलं न्हाई.”

“पण रोज सकाळी पूजा करता की तुम्ही!”

“करतो. तिथल्या ह्या मातीचीच.”

“मला कधी सांगितलं नाही?”

“तू लहान हुतीस. घरात कुणीतरी पक्कं दिसाया पायजे ना.” त्यांनी डबी मिटली. “जा. ती दुसरी पोरगी येईल.”

तिला अडवणारं आता कुणीच उरलं नव्हतं.

तिनं दोरा काढला, लिंग रुमालात बांधून कप्प्यात ठेवलं. टोपी, मास्क, पायमोजे, पांढरा झगा, हातमोजे. मधल्या खोलीत वरून गार हवा अंगावर आली आणि तिचा हात सवयीनं छातीकडे गेला.

काचेपलीकडून साहेबांचा आवाज आला, “हात अंगाला लागला. बाहेर जा, सगळं नव्यानं घाला.”

दुसऱ्यांदाही हात गेला. तिसऱ्यांदा अर्ध्यावर थांबला, तरी झग्याला लागलाच.

“खाज सुटली का गं?” नवा झगा देताना साखराबाई म्हणाली. चौथ्यांदाही हात गेला. तेव्हा मात्र साखराबाईनं नुसतं सुकन्याच्या डोळ्यांकडे बघून झगा पुढे केला.

पाचव्या वेळी सुकन्यानं दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंफली आणि छातीपासून वीतभर लांब धरली. बोटं दुखायला लागली तरी सोडली नाहीत.

साहेबांनी आत जायची खूण केली.