काळ्या फुलांचा पत्ता

धरणाआधीच्या झाडांच्या एका जुन्या वहीतल्या नोंदी मी मोबाईलवर टाइप करून प्रियाला देतोय. अभ्यास तिचा. मी कॉलेज सोडलं, तिला सोडवत नाही.

सकाळी तिचा फोन आला, "काळी फुलं कधी बघितलीस का रे?"

मी भडकलो. "वहीत काळी, पांढरी असंच लिहिलंय!" म्हणून फोन ठेवला.

मग भाटघरच्या एका आबांना वही दाखवली. ते हसले. "येड्या, काळी म्हंजे शेतजमीन, पांढरी म्हंजे गावठाण." धरणाकडं बोट केलं. "आमची पांढरी त्या पाण्याखाली हाय."

फुलांच्या रंगाच्या रकान्यात मी झाडांचे पत्ते, शेतं नि गावं, भरली होती, मित्रांनो! तेव्हापासून डोळे मिटले की ती झाडं पाण्याखाली उभी दिसतात.

प्रियाला हे आजच सांगायला हवं, नाहीतर तिचा अभ्यास चुकेल. पण भांडून फोन ठेवल्यावर पहिला शब्द काय बोलता तुम्ही?