टेकडीवरची पावलं

ही गोष्ट सांगायचं मी आठ वर्षं टाळलं. विषय निघाला की मी चहा टाकायला उठतो. आता पंचाहत्तरी उलटली आहे. निदान लिहून तरी ठेवावं.

कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलची नोकरी संपल्यावर मला फोटोंचा नाद लागला. ओरेगन राज्याच्या पूर्वेकडे, वाळवंटी भागात, मातीच्या रंगीत टेकड्या आहेत. लाल, मोहरीसारख्या पिवळ्या, मधूनच काळे पट्टे. माती ओली असली की रंग गडद उठतात, म्हणून मी तिथली ओलसर थंडी निवडली. नाताळच्या सुट्टीत अकरा वर्षांची नात सोबत आली. मुलाला आणि सुनेला रजा नव्हती. दोन दिवसांचा ड्राइव्ह, डब्यात थालीपीठं. नातीच्या जॅकेटवर ज्युनियर रेंजरचा बिल्ला होता. उन्हाळ्यात एका उद्यानात तिने तो मिळवला होता. निसर्गाला इजा करणार नाही, अशी शपथ घेतल्यावर मुलांना तो देतात.

सकाळी पोचलो तेव्हा हात बधिर होत होते. पाहणाऱ्यांसाठी लाकडी वाट होती, पण तिथून फोटोत कठडा येत होता. मी कठडा ओलांडला.

"आबा, साइन वाच ना. स्टे ऑफ लिहिलंय."

"अगं, जमीन दगडासारखी गोठलीय. काही होत नाही."

"रूल इज रूल."

"तू माझी नात आहेस की पोलीस?"

"रेंजर," बिल्ल्यावर बोट ठेवून ती म्हणाली.

चढताना खरंच एकही ठसा उमटला नाही. वर मी उजेडाची वाट बघत तासभर उभा राहिलो. फोटो चांगला मिळाला. पण तोवर ऊन आलं होतं आणि गोठलेला वरचा थर वितळला होता. उतरताना प्रत्येक पाऊल घोट्यापर्यंत रुतलं. माझे हातमोजे वाटेवरच राहिले होते. ते द्यायला नात पायथ्यापर्यंत चिखलात आली.

तेवढ्यात तिथली राखण करणारा रेंजर आला. वर कोण गेलं होतं, एवढंच त्याने विचारलं. आवाजही चढवला नाही. या देशात चाळीस वर्षं काढूनही गणवेशासमोर माझी जीभ जड होते. त्या दिवशी मात्र ती चटकन चालली. मुलगी पळत वर गेली, तिला उतरवायला मला जावं लागलं, असं मी सांगितलं.

नातीने माझ्याकडे पाहिलं. टेकडीवर फक्त मोठ्या बुटांचे ठसे होते. रेंजरला ते दिसले असणारच. तरी तो तिच्यासमोर उकिडवा बसला आणि हे ठसे वर्षानुवर्षं राहतात, असं तिला समजावून सांगू लागला. त्याची नजर एकदा बिल्ल्यावर गेली.

"सॉरी, सर," ती म्हणाली.

गाडीत बसल्यावर तिने बिल्ला काढून सीटमागच्या खिशात टाकला. मी हीटर वाढवला.

घरी आल्यावर फोनवर मुलाला मी तीच हकीकत सांगितली. रेंजरला सांगितलेलं खोटं तिथेच सोडता आलं असतं. मी ते घरी आणलं. तो फोटो माझ्या हॉलमध्ये आहे. पाहुणे आले की मुलगा सांगतो, "फोटो बाबांचा, चिखल आमच्या रेंजर मॅडमचा!" सगळे हसतात. नात कधीही त्याचं म्हणणं खोडत नाही.

आता ती कॉलेजात आहे. मागच्या डिसेंबरात घरी आली तेव्हा मी तो बिल्ला स्वेटरच्या खिशात ठेवला होता. गाडी विकताना सापडल्यापासून तो माझ्याकडेच आहे. मुलाने नेहमीचा विनोद केला. फोटोसमोर आम्ही तिघंच होतो. वाक्यं मी पाठ केली होती. 'ती पावलं माझी होती. हिने मला अडवलं होतं. बाळा, माझं चुकलं.' मी खिशात हात घातला.

"आबा?" ती म्हणाली. ती वाट बघत होती.

"चहात आलं टाकू ना?" मी विचारलं.