बिचाऱ्या डॉक्टरासाठी

आमच्या आतोबांच्या पोटात एक वेळ कडू काढा राहील, पण बातमी राहणार नाही. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान, भोर संस्थानच्या शाळेतले निवृत्त मास्तर. कुठे तापाचं औषध फुकट मिळतं, कोणती मंडळी भाताचं बी वाटणार आहेत, हे सगळ्यांच्या आधी त्यांना कळायचं आणि कळलं की छत्री काखेत मारून ते वेल्ह्याकडच्या खेड्यांत सांगायला निघायचे. पुतणीच्या लग्नात तर भटजी दोन मंगलाष्टकांमध्ये श्वास घ्यायला थांबले, तेवढ्यात "चावडीवर तापाचं कोयनेल आलंय हो!" म्हणून ते मोकळे झाले. "दान लोकांनी करायचं आणि जोडे यांनी झिजवायचे," असं आत्या करवादायची, पण शिदोरीत लसणाची चटणी घालायला कधी विसरली नाही.

त्यांची खरी फजिती झाली ती डोळ्यांच्या डॉक्टराच्या वेळी. भोरच्या काही व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून पुण्याचा एक तरुण डॉक्टर पंधरा दिवस धर्मशाळेत आणून बसवला होता. मोतीबिंदू फुकट काढणार! आतोबांना लगेच आठवली वेल्ह्याकडची सखूबाई. एकटी बाई, दोन्ही डोळ्यांनी अधू, चुलीचा जाळ दिसेना म्हणून रोज हात भाजून घ्यायची. मीही त्यांच्याबरोबर गेलो. तिच्या गावच्या पारावर उभं राहून आतोबांनी शाळेतल्या आवाजात पुकारलं, "गोरगरिबांसाठी मोफत!"

मग पाटील म्हणाले, "मास्तर, गरीब आमच्यात कुनी न्हाई. पल्याडच्या गावात बगा." पल्याडच्या गावानं त्याच्या पल्याड बोट दाखवलं आणि तिथल्यांनी आम्हाला पुन्हा सखूबाईच्या गावी धाडलं. खुद्द सखूबाई म्हणाली, "म्या धर्माचं घेत न्हाई. हात हायेत अजून."

तिसऱ्या दिवशी आतोबा तिच्या उंबऱ्यापाशी बसले आणि सुस्कारा टाकून म्हणाले, "सखूबाई, तो डॉक्टर लांबून आलाय बिचारा. नुसता रिकामा बसून आहे. कुणी फिरकेना."

"आगं बया! जेवतो का न्हाई?"

"तोंड उतरलंय पोराचं. त्याच्यावर तेवढे उपकार करा."

सखूबाईनं चाचपडत डॉक्टरासाठी नाचणीच्या भाकरी बांधल्या. तिच्या काठीचं पुढचं टोक आतोबांनी धरलं. मागून आणखी सातजण निघाले, बिचाऱ्या डॉक्टराला आधार द्यायला. पट्टी सुटल्यावर तिनं आधी डॉक्टराकडं निरखून पाहिलं आणि म्हणाली, "लई वाळलाय!"

पुढे काही वर्षांनी आतोबांच्याच डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. डॉक्टर पुन्हा धर्मशाळेत आला होता. आतोबा मात्र ऐकेनात. "ते गरिबांसाठी आहे. मला पेन्शन आहे," एवढंच म्हणत. ती पेन्शन महिन्याची वीस तारीखही गाठत नसे. आत्या रडली, भांडली. शेवटी मी वेल्ह्याला निरोप धाडला.

तिसऱ्या दिवशी सखूबाई दारात उभी. "मास्तर, डॉक्टर रिकामाच बसलाय बगा. बिचाऱ्यावर तेवढं उपकार करा."

आतोबा आधी दचकले, मग डोळ्यांत पाणी येईतो हसले. चाचपत त्यांनी छत्री काढली. सखूबाईनं काठीचं टोक त्यांच्या हातात दिलं आणि ती पुढे झाली. मला त्यांच्याबरोबर जायचं होतं, पण काठीला टोकं दोनच; मी दारातच थांबलो. गल्लीच्या टोकापर्यंत त्यांचा आवाज ऐकू येत होता. ज्याच्या पावलांची चाहूल लागेल त्याला थांबवून ते सांगत होते, "डॉक्टर आलाय हो, बिचारा रिकामा बसलाय!"